पनामात अस्सल जेवायचंय? अकराच्या आत फोंडा गाठा

काका, तुम्ही विचारलंय ते असं: डिसेंबरात दोन आठवडे पनामा सिटीत मुलीकडे येताय. बर्गर-पिझ्झा नको आणि भारतीय थाळीही नको, तिथलं परंपरेचं जेवण खायचंय. तुम्हाला मासे-मटण सगळं चालतं, काकू शाकाहारी, दूध घेतात पण अंडं नाही. कुठं जायचं, काय मागायचं, आणि ते जेवण अळणी असतं म्हणतात ते खरं का?

शेवटचं आधी सांगतो. अळणी नसतं. मिरची नसते, आणि मिरची नसली की आपण ‘अळणी’ म्हणून मोकळे होतो. मीही झालो होतो. मी गुहागरकडचा, अकरा वर्षं मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी होतो. कालव्यातून कितीदा गेलो असेन, पण तेव्हा पनामा म्हणजे डेकवरून दिसणारी झाडी आणि लॉकचे उघडणारे दरवाजे, एवढंच ठाऊक. गेली बारा वर्षं मात्र पनामा सिटीत कचेऱ्यांना दुपारचं जेवण पुरवतो. माझ्या स्वयंपाकघरात तीन बाया आहेत, दोघी आसुएरोकडच्या (पॅसिफिककडचा द्वीपकल्प) आणि एक कोलोनची (कॅरिबियन किनाऱ्यावरचं शहर). पुढं लिहितोय त्यातलं निम्मं त्यांच्याकडून शिकलोय, उरलेलं त्यांच्या शिव्या खाऊन.

पहिली गोष्ट म्हणजे हे जेवण घड्याळावर चालतं. ज्या जागी ते मिळतं तिला इथं ‘फोंडा’ म्हणतात. आपल्याला फोंडा म्हटलं की घाट आठवतो किंवा गोव्यातलं गाव. इथं फोंडा म्हणजे खानावळ: चार-सहा टेबलं, काचेमागं पातेली, मागं एक बाई आणि तिची बहीण किंवा भाची. मेनूकार्ड नसतंच. काचेसमोर उभं राहायचं, ‘के आय?’ म्हणजे ‘काय आहे?’ विचारायचं आणि बोट दाखवायचं. सकाळी सहापासून तळणीचा नाश्ता, अकराच्या सुमारास जेवणाची पातेली उघडतात, दोनपर्यंत चांगलं ते संपलेलं असतं. संध्याकाळी बहुतेक फोंडे बंद. आपली माणसं इथं येतात, रात्री आठला जेवायला बाहेर पडतात, त्यांना दिसतात ती सगळी परदेशी धाटणीची हॉटेलं. मग ‘पनामाचं स्वतःचं असं काही खाणंच नाही’ म्हणत परत जातात. तुम्ही साडेदहाला जा. तव्यावरचं शेवटचं तळण आणि पातेल्यातलं पहिलं वाढप, दोन्ही हाती लागतं. माणशी चार ते सहा डॉलरमध्ये पोट भरतं. इथलं चलन बाल्बोआ असलं तरी ते डॉलरशी बरोबरीत बांधलेलं आहे आणि नोटा अमेरिकन डॉलरच्याच चालतात. फोंड्यात वीसच्या वरची नोट काढू नका, सुट्ट्यासाठी बाई शेजारच्या दुकानात धावेल आणि मागची रांग तुमच्याकडं बघेल.

आता सकाळचं तळण. यात मी जरा रमणार आहे, कारण पनामाचा जीव इथं आहे असं माझं मत.

‘तोर्तिया’ हा शब्द ऐकून मेक्सिकोची पातळ पोळी डोळ्यांसमोर आणू नका. इथली तोर्तिया बोटभर जाड, तळहाताएवढी, मक्याची. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात भिजवतात. इथं तो लाकडी उखळात कांडून त्याचं साल काढायची रीत आहे. उखळाला ‘पिलोन’ म्हणतात, आणि असा कांडलेला मका ‘पिलादो’. मग तो शिजवायचा, दळायचा, मीठ घालून मळायचा, थापून तळायचा. चुना नसल्यामुळं मक्याचा गोडवा तसाच राहतो. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, वर पांढऱ्या ताज्या चीजचा काप. हे चीज आपल्या पनीरचं जरा खारट भावंड. गिरणीचं पीठ वापरणारेही आता पुष्कळ आहेत. ओळखायचं कसं? तोर्तिया मोडून बघा. कांडलेल्या मक्याची असेल तर आत भरड कण दिसतात, पिठाची असेल तर ती पेढ्यासारखी सलग असते.

दुसरं ‘ओहाल्द्रे’. मैद्यात मीठ, किंचित साखर, थोडी बेकिंग पावडर आणि तेल घालून मळायचं, झाकून ठेवायचं, सकाळी हातानंच ओढून वेडावाकडा ताणायचा आणि कढईत सोडायचा. भटुऱ्याचा चुलतभाऊच. स्पेनमध्ये याच शब्दाचा अर्थ पापुद्र्यांची पेस्ट्री असा होतो, इथं तो कसा फुगून कढईत आला देव जाणे. गरम असेल तरच खा. पंधरा मिनिटांनी तो चामडं होतो.

तिसरं ‘कारिमान्योला’. युका म्हणजे कसावा, ज्याच्यापासून आपला उपासाचा साबुदाणा होतो तोच कंद. तो उकडून, मळून, लांबट पारी करून आत खिमा भरायचा आणि तळायचं. आणि चौथे ‘पाताकोनेस’: कच्च्या केळ्याचे जाड तुकडे एकदा तळायचे, चेपायचे, परत तळायचे. दुसऱ्या तळणीआधी मिठाच्या पाण्यात बुडवून काढले तर मीठ आतपर्यंत जातं, ही माझ्या कोलोनच्या बाईची युक्ती. तेल उडतं, चेहरा लांब ठेवायचा.

आता सांकोचो. पनामाची राष्ट्रीय डिश कोणती विचारलं तर दहापैकी दहा जण हेच नाव घेतील. गावठी कोंबडी, ‘न्यामे’ नावाचा कंद, ओरेगानो, मीठ आणि कुलांत्रो. झालं. आसुएरोकडची माणसं याहून जास्त काही घालू देत नाहीत. पश्चिमेकडं युका, ‘ओतोए’ (आपल्या अळकुडीच्या जातीचा कंद), मक्याची कणसं असंही पडतं, आणि ला चोरेरा गावचा सांकोचो जरा तिखटाकडं झुकतो. यावर इथले लोक, आपण मिसळीवर भांडतो तसे भांडतात.

न्यामे आपल्या कोनफळाच्या कुळातला, पण आतून पांढरा. तो अर्धा रश्श्यात विरघळतो आणि रस्सा दाटतो. वेगळं वाटण, पीठ काही लागत नाही. आणि कुलांत्रो ही या देशाच्या जेवणाची किल्ली आहे. पानं लांबट, कडांना दातरे, वास आपल्या कोथिंबिरीचाच पण चौपट. आपल्याकडं ईशान्य भारतात ही पानं वापरतात, महाराष्ट्रात सहसा दिसत नाहीत. कोथिंबीर उकळली की मरते, म्हणून आपण ती शेवटी वरून भुरभुरतो. कुलांत्रो उकळीत टिकतो, म्हणून तो सुरुवातीपासून पातेल्यात असतो. इथली भाजी, आमटी, मटण, सगळ्याच्या तळाशी तो वास असतो. तो एकदा नाकात बसला की ‘अळणी’ हा शब्द आपोआप गळतो.

पहिल्या वर्षी मी सांकोचो ‘सुधारायला’ गेलो होतो. आपल्या लोकांसाठी जेवण होतं, म्हणून आलं-लसूण परतून घेतलं, गरम मसाला घातला. आसुएरोच्या बाईनं चमचाभर चाखलं, पातेलं उचलून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, ‘चांगलं झालंय, पण याला दुसरं नाव द्या.’ तिचं बरोबर होतं. कोंबडी गावठी असेल आणि दीड-दोन तास मंद आचेवर शिजली असेल तर मसाल्याला तिथं कामच उरत नाही. सांकोचोबरोबर पांढऱ्या भाताची वाटी येते. काही जण भात रश्श्यात टाकतात, काही रस्सा भातावर घेतात. तुम्ही कोकणातल्या सवयीनं कालवून घ्या, कुणी बघत नाही. भर उन्हात, घाम गाळत खायची ही वस्तू आहे. रात्रभर नाचून आलेल्यांनाही पहाटे हेच पाजतात.

तिखट हवंच असेल तर टेबलावर पिवळ्या रंगाच्या सॉसची बाटली असते. ती ‘आही चोम्बो’ या मिरचीची. दोन थेंबांनी सुरू करा. कोल्हापूरचे पाहुणेसुद्धा माझ्यासमोर खोकलेत.

काकूंचं बघू. इथं थोडी सावधगिरी लागेल. ‘कार्ने’ म्हणजे मांस असं आपण शिकून येतो, पण बोलण्यात ‘कार्ने’ म्हणजे बहुतेकदा गाईचं मांस. ‘सिन कार्ने’ म्हटलं की बाई प्रेमानं कोंबडी वाढते. माझ्या ओळखीच्या एका पुणेकर बाईंना शाकाहारी सॅलड म्हणून ट्यूना आला होता, आणि वाढणारीला त्यात काय चुकलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणून पूर्ण यादीच म्हणायची: ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन हामोन.’ मांस नको, कोंबडी नको, मासा नको, हॅम नको. दुसरा धोका उसळींचा. फोंड्यातल्या ताटात भाताबरोबर ‘मेनेस्त्रा’ असते, म्हणजे मसूर, राजमा किंवा तसलं कडधान्य. दिसायला अगदी घरची उसळ, पण पुष्कळदा ती ‘राबितो’ म्हणजे डुकराची खारवलेली शेपटी किंवा चोरिसो (मसालेदार सॉसेज) घालून शिजवलेली असते. तुकडा ताटात दिसत नाही, रस पातेल्यात उतरलेला असतो. बोट दाखवून विचारा: ‘येवा राबितो?’ बाया खोटं सांगत नाहीत. आज नाही म्हणाली तर बिनधास्त घ्या. बटाट्याच्या सॅलडमध्ये अंडं आणि मेयोनेज असतं, बीट घालून गुलाबी केलेलं असतं म्हणून फसू नका.

काकूंना चालेल असं मात्र भरपूर आहे. तोर्तिया आणि पांढरं चीज, पाताकोनेस, तळलेला युका, पिकल्या केळ्याचे तळलेले काप म्हणजे ‘ताहादास’, दालचिनी-साखरेच्या पाकातली पिकली केळी (यांना ‘एन तेंतासियोन’ म्हणतात, ‘मोहात पडलेली’), कोवळ्या मक्याचे कणसाच्या सालात बांधून उकडलेले ‘बोयो’. ओहाल्द्रे घेताना अंडं घातलंय का ते विचारा, ‘येवा उएवो?’, कारण काही जणी घालतात. तळणीचं तेल वेगळं असेल का याची खात्री मी देऊ शकत नाही, छोट्या फोंड्यात कढई एकच असते. ते चालणार नसेल तर काकूंसाठी मुलीच्या घरी पाताकोनेस करा, काहीच अवघड नाही.

तुम्ही डिसेंबरात येताय हे फार बरं. तो हिरव्या तुरीचा हंगाम. हो, आपलीच तूर. मूळची भारतातली, आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजांबरोबर इकडच्या बेटांवर आणि किनाऱ्यांवर पोचली, इथं तिला ‘गुआन्दू’ म्हणतात. रस्त्याच्या कडेला बाया शेंगा सोलत बसलेल्या दिसतील, तेव्हा गाडी थांबवा आणि बघा, तुम्हाला गावच्या ओसरीवरची सोलणी आठवेल. नाताळच्या ताटात ‘आर्रोस कोन गुआन्दू’ लागतोच लागतो: ताज्या तुरीचे दाणे, नारळाचं दूध आणि भात. कोलोनकडची पद्धत अशी की नारळाच्या दुधात थाइम नावाची सुगंधी पानं टाकायची आणि वर एक आख्खी आही चोम्बो ठेवायची, देठासकट, न फोडता. मिरचीचा सुवास भातात येतो, तिखटपणा येत नाही. ढवळताना ती फुटली की घरात भांडण. यातही काही ठिकाणी राबितो पडतो, तेव्हा काकूंसाठी विचारून घ्या. पण मुलीच्या शेजारी कुणी इथली बाई असेल तर तिला साधा करायला सांगा. आपल्याकडं तूर म्हणजे डाळ. ओली तूर नारळाच्या दुधात भाताबरोबर शिजवायचं आम्हा कोकणातल्यांना कसं सुचलं नाही याचं मला आजही नवल वाटतं.

कोलोनच्या बाजूचं जेवण वेगळंच आहे, त्याचं कारण मजुरांच्या इतिहासात आहे. १८५० ते १८५५ मध्ये इथं दोन समुद्र जोडणारी रेल्वे झाली, मग फ्रेंचांनी कालव्याचा प्रयत्न केला, आणि १९०४ ते १९१४ मध्ये अमेरिकेनं तो पुरा केला. कामाला माणसं आली ती मोठ्या प्रमाणात बार्बाडोस, जमैका अशा कॅरिबियन बेटांवरून. त्यांचे इंग्रजी शब्द स्पॅनिश जिभेवर वितळले आणि पदार्थ झाले. ‘बन’चा ‘बोन’ झाला, ‘पॅटी’ची ‘पाती’, आणि नारळाच्या दुधात मासे-कंद मुरवून शिजवायच्या ‘रन डाउन’चं ‘रोन्दोन’. रोन्दोन मिळालं तर सोडू नका. कोकणी माणसाला ते पहिल्या घासात कळतं. नाताळात तिकडं ‘सरील’ नावाचं लालभडक पेय करतात, आल्याच्या झणक्याचं. ते लाल अंबाडीच्या बोंडांचं असतं. कोलोन शहरात एकट्यानं पायी भटकू नका, माहीतगार माणूस बरोबर घ्या. पोर्तोबेलोला मात्र दिवसभरासाठी निवांत जा, जुना किल्ला बघा आणि नारळातलं ऑक्टोपस खा.

रेल्वेच्याच कामासाठी १८५४ मध्ये चिनी मजूर आले, त्यांच्यामुळं रविवारी सकाळी डिमसम खाणं हा आज पक्का पनामाचा रिवाज झालाय. एल दोरादो भागात जा. काकूंसाठी तिथं जवळपास काही नाही, तेव्हा त्या दिवशी जावयाला घेऊन जा.

मासळीसाठी ‘मेर्कादो दे मारिस्कोस’, कास्को व्हिएहो या जुन्या शहराच्या तोंडाशीच. तिथं पेल्यात सेविचे मिळतं: कच्चा मासा लिंबाच्या रसात मुरवलेला, बारीक कांदा, आही, कुलांत्रो, सोबत खारी बिस्किटं. मासा बहुतेक ‘कोर्विना’. हा आपल्या घोळीच्या कुळातला, तसाच पांढरा आणि घट्ट मांसाचा. कच्चं म्हणून कचरू नका, पण ताजेपणा बघा. सकाळी खा, दुपारी उशिरा नको. तळलेला मासा हवा असेल तर ‘पार्गो रोहो’ अख्खा मागा, म्हणजे तांबोशी, सोबत पाताकोनेस. रवा नाही, हळद नाही, नुसतं मीठ, लिंबू, लसूण. कातडी कुरकुरीत होईपर्यंत तळतात आणि ते त्यांना आपल्याहून चांगलं जमतं, कबूल करायला हवं.

पहिल्याच दिवशी फोंड्यात शिरायचा धीर झाला नाही तर व्हिया आर्खेन्तिना या रस्त्यावर ‘एल त्रापिचे’ हे हॉटेल आहे. त्रापिचे म्हणजे उसाचा चरक. तिथं मेनूकार्ड आहे, पंखे आहेत, आणि एका ताटात थोडं थोडं सगळं मिळतं, त्यामुळं नावं आणि चेहरे जुळतात. दुसऱ्या दिवसापासून फोंडा. पनामा सिटीला २०१७ मध्ये युनेस्कोनं पाककलेसाठी सर्जनशील शहराचा दर्जा दिला, तेव्हापासून इथल्या शेफमंडळींनी फोंड्याचे पदार्थ मोठ्या प्लेटांमध्ये मांडायला सुरुवात केलीय असं तुम्हाला वाटेल. खरं म्हणजे ते आधीपासून करत होते. काही छान करतात. मुलगी नेईल तेव्हा जा, पण आधी मूळ खाल्लेलं असू द्या.

एक दिवस गाडी काढून पश्चिमेला जा, पॅन-अमेरिकन हमरस्त्यानं. ला चोरेराला ‘चिचेमे’ प्यायचं: कांडलेला मका दुधात शिजवून, दालचिनी घालून, गार केलेला. अर्धं पेय, अर्धी खीर, काकूंना नक्की आवडणार. पुढं कापिराला रस्त्याकडेलाच ताजं चीज आणि गरम एम्पानादा (आपल्या करंजीसारख्या, आत सारण) मिळतात, चीजच्या मागा. त्याच्याही पुढं जायला वेळ असेल तर आसुएरो, म्हणजे चित्रे, लास ताब्लास. पेसे गावात उसाची ‘सेको’ नावाची दारू गाळतात, आणि जुनी माणसं ती दुधात घालून घेतात. मी एकदा घेतली, पुन्हा घेणार नाही.

गोडाचं काय, ‘कोकादा’ म्हणजे नारळाच्या वड्या आहेत, गूळ आहे (‘रास्पादुरा’, आपल्या ढेपेचा धाकटा भाऊ), कच्च्या पपईची गुळातली ‘काबांगा’ आहे. ‘मामायेना’ हे ब्रेडचं पुडिंग, त्यात अंडं असतं. रस्त्यावर बर्फाचा गोळा मिळतो, ‘रास्पाओ’, वर कंडेन्स्ड मिल्क ओतून. आणि घरांच्या दारांवर ‘आय दुरोस’ अशी पाटी दिसली तर शिरा. लहानपणी पाच-दहा पैशाला प्लॅस्टिकच्या पिशवीतली ‘पेप्सी’ चोखायचो ना, तेच, चिंचेचं किंवा नान्से या फळाचं. कॉफी बोकेते या डोंगराळ गावाची घ्या, गेशा ही जात मिळाली तर एकदा चाखा, दूध न घालता. महाग आहे.

तारखांचं एक लक्षात ठेवा. ८ डिसेंबरला इथं मातृदिन असतो, सार्वजनिक सुट्टी. त्या दिवशी फोंड्याची बाई स्वतः आई असते, ती पातेली चढवत नाही, आणि हॉटेलं भरलेली असतात. घरी खिचडी टाका.

आणि फोंड्यात दोनदा-तीनदा गेलात, बाईनं तुम्हाला ओळखलं, की एक दिवस दुपारी उशिरा जा आणि ‘कोंकोलोन’ मागा. भाताच्या पातेल्याच्या तळाची खरपुडी. ती विकायला नसते, घरच्यांसाठी खरवडून ठेवलेली असते. मी पहिल्यांदा फोंड्यात अडीचला पोचलो होतो, सगळं संपलेलं, तेव्हा बाईनं तीच एका बशीत दिली होती, वर नुसतं मीठ. तुमची बाई आधी हसेल, ‘हे तुम्हाला कुणी सांगितलं?’ म्हणेल. मग आत जाऊन पातेलं खरवडल्याचा आवाज येईल.